बदललेली बहुशर्करा आणि आतड्याची प्रतिकारशक्ती

वनस्पतींच्या पेशीभित्तिकांत, बियांत, कंदांत आणि फळांच्या सालींत शर्करेच्या लहान घटकांपासून बनलेल्या लांबलचक साखळ्या असतात. त्यांना बहुशर्करा म्हणतात. सेल्युलोज, पेक्टिन, स्टार्च, इन्युलिन, इसबगोलातले अराबिनोझायलन, गवारीच्या बियांतले गॅलॅक्टोमॅनन ही त्यांतली आहारात नेहमी येणारी नावे. स्टार्चचा मोठा भाग लहान आतड्यात पचतो. बाकीच्या बहुतेक बहुशर्करा तोडणारी विकरे माणसाच्या शरीरात नाहीत, म्हणून त्या जवळजवळ जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे त्यांची गाठ अब्जावधी जिवाणूंशी आणि त्या जिवाणूंवर नजर ठेवणाऱ्या प्रतिकारसंस्थेशी पडते. या साखळ्यांवर रासायनिक प्रक्रिया करून त्यांना नवे गट जोडले, असलेले काढले किंवा साखळी आखूड केली, तर ही गाठभेटही बदलते. खाद्य-उद्योग असे बदल गेली शंभर वर्षे करीत आहे. त्यांचा आतड्यावर काय परिणाम होतो याचा नीट अभ्यास मात्र अलीकडचा आहे. आजवर हाती आलेल्या पुराव्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते: ‘बदललेली बहुशर्करा हितकर की अपायकर’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणता गट, कोणत्या बंधाने, किती प्रमाणात आणि साखळीच्या कोणत्या भागावर बसवला हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

आतड्याच्या प्रतिकारसंस्थेचे काम रक्तातल्या किंवा त्वचेतल्या प्रतिकारसंस्थेहून वेगळे आहे. तिला शत्रू ओळखावा लागतो, पण त्याहून अधिक वेळा समोर आलेले अन्न आणि निरुपद्रवी जिवाणू सहन करावे लागतात. मोठ्या आतड्यात या सहनशीलतेचा पाया श्लेष्म्याच्या थरात आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली उंदरांत दाखवले की हा थर दुहेरी असतो. बाहेरचा सैल थर जिवाणूंनी भरलेला असतो, तर आतला, अस्तराला घट्ट चिकटलेला थर जवळजवळ जिवाणूविरहित असतो. दोन्ही थर म्यूक-२ नावाच्या एकाच प्रथिनाचे बनलेले असतात. या थराखाली अस्तराच्या पेशी, त्यांच्यामागे इम्युनोग्लोब्युलिन-ए तयार करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, डेंड्रायटिक पेशी आणि दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी असतात. बहुशर्करा या व्यवस्थेला तीन ठिकाणी स्पर्श करते. ती पेशींवरच्या ग्राहींना थेट चिकटू शकते, जिवाणूंचे खाद्य होऊन त्यांच्या किण्वनातून आम्ले तयार करवू शकते आणि श्लेष्म्याची जाडी व रचना बदलू शकते. रासायनिक बदल या तिन्ही वाटांवर परिणाम करतो, पण प्रत्येक बदल सारख्याच वाटेने जात नाही.

इथे थोडे रसायनशास्त्र समजून घ्यावे लागते. सेल्युलोज किंवा स्टार्चच्या साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोज-घटकावर साधारणतः तीन हायड्रॉक्सिल गट मोकळे असतात. रासायनिक बदल प्रामुख्याने याच जागांवर होतो. सरासरी किती जागा भरल्या याच्या आकड्याला प्रतिस्थापन-प्रमाण म्हणतात. ते शून्यापासून तीनपर्यंत असू शकते. जोडलेला गट एस्टर-बंधाने बसला असेल, तर मोठ्या आतड्यातले अनेक जिवाणू आपल्या एस्टरेज विकरांनी तो सोडवून घेऊ शकतात. ईथर-बंधाने बसला असेल, तर तो सहसा सुटत नाही आणि बदललेली साखळी तशीच पुढे सरकते. गटावर विद्युतभार आहे की नाही हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण पेशींवरचे ग्राही आणि श्लेष्म्याची प्रथिने स्वतः भारित असतात. बंधाचा प्रकार आणि भार या दोन गोष्टी हाताशी ठेवल्या, तर वरकरणी परस्परविरोधी वाटणारे बरेच निष्कर्ष एका ओळीत बसतात.

पेक्टिनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. फ्रेंच रसायनज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ साली त्याला हे नाव दिले. लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि सफरचंदाचा चोथा हे त्याचे व्यापारी स्रोत आहेत. त्याच्या मुख्य साखळीत गॅलॅक्टुरोनिक आम्लाचे घटक एकापुढे एक असतात. त्यांपैकी काहींच्या कार्बॉक्सिल गटावर मिथाइल एस्टर बसलेला असतो, तर काही मोकळे म्हणजे ऋणभारित असतात. निम्म्याहून अधिक घटक मिथाइलयुक्त असतील तर त्याला उच्च-मिथॉक्सिल पेक्टिन म्हणतात. ते साखर आणि आम्लाच्या साहाय्याने घट्ट होते. घरी केलेली पेरूची जेली थिजते ती यामुळे. निम्म्याहून कमी असतील तर पेक्टिन कॅल्शियमच्या साहाय्याने गोठते. हा फरक निसर्गही घडवतो. फळ पिकताना त्यातले एक विकर मिथाइल गट काढत जाते आणि मग दुसरे विकर साखळी तोडते. कारखान्यात तेच काम आम्ल, अल्कली किंवा विकरे वापरून हवे तितके करता येते.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाशी संबंधित गटाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात पेक्टिनच्या वेगवेगळ्या मिथाइल-प्रमाणांची तुलना केली. मिथाइल गट कमी केलेले पेक्टिन टीएलआर-२ या ग्राहीला थेट चिकटते. हा ग्राही टीएलआर-१ शी जोडी करून दाहाचा संदेश देतो, तर टीएलआर-६ शी जोडी करून सहनशीलतेच्या बाजूचा. कमी-मिथाइल पेक्टिनने पहिली जोडी अडवली आणि दुसरीला हात लावला नाही. कारण विद्युतभारात होते. मोकळ्या, ऋणभारित गॅलॅक्टुरोनिक घटकांनी ग्राहीवरच्या धनभारित जागा धरल्या होत्या. ग्राहीत फेरबदल करून घेतलेल्या बंधन-चाचण्यांनी याला दुजोरा दिला. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधामुळे उंदरांच्या लहान आतड्याला होणारा दाह अशा पेक्टिनने रोखला गेला. जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लांचा या संरक्षणात वाटा नव्हता, ही या कामातली सर्वांत महत्त्वाची नोंद होय. तंतुमय पदार्थांचा प्रत्येक लाभ किण्वनातूनच येतो ही समजूत त्यामुळे ढिली पडली. पुढच्या कामातून असेही दिसले की एकूण मिथाइल-प्रमाण सारखे असले तरी मोकळे घटक विखुरलेले आहेत की सलग गटाने आले आहेत यावर ग्राहीशी होणारे बंधन अवलंबून असते. म्हणजे नुसती टक्केवारीही पुरत नाही.

सेल्युलोजवर केलेला बदल नेमका याच्या उलट दिशेला जातो. लाकडाचा लगदा किंवा सरकीवरचे आखूड तंतू कॉस्टिक सोड्यात भिजवून त्यांच्यावर मोनोक्लोरोअॅसेटिक आम्लाची प्रक्रिया केली, की कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज मिळते. न विरघळणारे सेल्युलोज या प्रक्रियेनंतर पाण्यात विरघळून दाट द्रावण होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत पुढे आलेला हा पदार्थ आज आइस्क्रीम, सॉस, ग्लुटेनमुक्त पाव, टूथपेस्ट, डोळ्यांचे थेंब अशा असंख्य वस्तूंत असतो. भारतातल्या वेष्टनांवर तो आयएनएस ४६६ या क्रमांकाने छापलेला आढळतो. यातला नवा गट ईथर-बंधाने बसतो आणि ऋणभारित असतो. आतड्यातले जिवाणू त्याचे फारसे किण्वन करू शकत नाहीत. शरीर तो शोषत नाही. याच कारणामुळे तो निष्क्रिय, म्हणून निर्धोक, असे दीर्घकाळ मानले गेले.

हे गृहीतक २०१५ साली हलले. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठात बेनोआ शासेंग, अँड्र्यू गेवर्त्झ आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात एक टक्का कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज मिसळले. काही आठवड्यांत जिवाणू श्लेष्म्याच्या आतल्या थराकडे सरकले, जिवाणूंची रचना बदलली आणि सौम्य पण टिकून राहणारा दाह दिसू लागला. त्याच्या जोडीला वजनवाढ आणि ग्लुकोज-नियंत्रणातला बिघाडही आला. ज्या उंदरांत प्रतिकारसंस्थेचे काही जनुक मुळातच निकामी केलेले होते, त्यांच्यात उघड कोलायटिस झाला. जिवाणूमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांना मात्र काहीच झाले नाही. यावरून असे दिसते की हा पदार्थ प्रतिकारसंस्थेला थेट डिवचत नाही. तो जिवाणूंना बदलतो आणि बदललेले जिवाणू तिच्या अंगावर येतात.

उंदरावरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, म्हणून पुढचा प्रयोग माणसांवर झाला. १६ निरोगी स्वयंसेवकांना ११ दिवस रुग्णालयात ठेवून पूर्ण नियंत्रित आहार दिला. त्यांच्यातल्या ७ जणांच्या आहारात रोज १५ ग्रॅम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज होते. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता घटली, विष्ठेतली लघुशृंखल मेदाम्ले कमी झाली, जेवणानंतर पोटात अस्वस्थता थोडी वाढली. दोघांत जिवाणू श्लेष्म्याच्या आतल्या थरापर्यंत पोहोचलेले दिसले. १५ ग्रॅम ही मात्रा नेहमीच्या आहारातल्या प्रमाणापेक्षा पुष्कळ जास्त आहे आणि प्रयोग लहान होता. तरीही सातांपैकी दोघांत झालेला बदल इतका ठळक होता की सरासरी काढून तो पुसून टाकणे चुकीचे ठरेल. एखाद्या पदार्थाची सुरक्षितता ठरवताना सरासरी माणसाबरोबर संवेदनशील माणसाचाही विचार व्हायला हवा. आतड्याचे जुनाट दाहविकार असलेल्यांच्या बाबतीत तर हा विचार टाळणे परवडणारे नाही.

एस्टर-बंधाची तिसरी गोष्ट अधिक आशादायक आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन ब्युटिरेट हे चार कार्बनचे मेदाम्ल आहे. जिवाणू तंतुमय पदार्थांच्या किण्वनातून ते तयार करतात. २०१३ साली तीन स्वतंत्र संशोधन-गटांनी दाखवले की अशी लघुशृंखल मेदाम्ले मोठ्या आतड्यातल्या नियामक टी-पेशींची संख्या वाढवतात किंवा त्यांना बळ देतात. ब्युटिरेट हिस्टोन-डीअॅसिटिलेज विकरांना अडवते आणि त्यामुळे या पेशींची ओळख ठरवणारे फॉक्स-पी-३ जनुक कार्यरत राहते. ब्युटिरेट तोंडाने घेतले तर त्याचा बराच भाग वाटेतच शोषला जातो. यावर ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उच्च-अॅमायलोज मक्याचा स्टार्च निवडला, जो मुळातच पचायला जड असतो, आणि त्यावर ब्युटिरिल गट एस्टर-बंधाने बसवले. लहान आतड्यातून हे गट बऱ्याच अंशी टिकून जातात. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते सोडवतात आणि उरलेल्या स्टार्चचे किण्वन करून आणखी आम्ले देतात.

या कल्पनेचा सर्वांत प्रभावी वापर मोनाश विद्यापीठातील एलियाना मारिन्यो आणि चार्ल्स मकाय यांच्या गटाने केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात मधुमेहाचा पहिला प्रकार आपोआप होणाऱ्या जातीचे उंदीर होते. त्यांना अॅसिटेट बसवलेला स्टार्च दिला तेव्हा स्वादुपिंडावर हल्ला करणाऱ्या टी-पेशी घटल्या. ब्युटिरेट बसवलेला दिला तेव्हा नियामक टी-पेशी वाढल्या. दोन्ही एकत्र दिल्यावर रोगापासून जवळजवळ पूर्ण संरक्षण मिळाले. एकाच साखळीवर केवळ दोन कार्बनांच्या फरकाचे गट बसवल्याने प्रतिकारसंस्थेच्या दोन वेगळ्या शाखा हलाव्यात, हे या विषयातले सर्वांत देखणे निरीक्षण आहे. उच्च रक्तदाब असलेल्या, औषध न घेणाऱ्या २० जणांवर हाच दुहेरी स्टार्च रोज ४० ग्रॅम याप्रमाणे तीन आठवडे देऊन पाहिला गेला. त्यांचा चोवीस तासांचा सिस्टॉलिक रक्तदाब सुमारे ६ मिमीने उतरला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील गॅरी फ्रॉस्ट यांच्या गटाने हीच युक्ती इन्युलिनवर वापरून त्याला प्रोपिओनेट जोडले. यांतले मानवी प्रयोग लहान आहेत आणि उंदरातल्या यशाची माणसात पुनरावृत्ती अजून झालेली नाही. तरीही तत्त्व भक्कम आहे: आतड्यात सुटू शकेल असा बंध आणि सुटल्यावर शरीराला ओळखीचा असलेला गट.

जोडलेला गट मेदाम्लाचाच असावा लागतो असेही नाही. फॉस्फेटने साखळ्या एकमेकींना जोडून बनवलेल्या स्टार्चला प्रतिरोधी स्टार्चचा चौथा प्रकार म्हणतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका चाचणीत अशा तीन स्टार्चची तुलना झाली. मक्यापासून केलेल्या स्टार्चने ब्युटिरेट वाढवणारे जिवाणू पुढे आणले, तर टॅपिओकाच्या, म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच्या, स्टार्चने प्रोपिओनेटकडे नेणारे. रोज ३५ ग्रॅमच्या पुढे परिणाम वाढला नाही.

सल्फेट गटाची कथा सर्वांना सावध करणारी आहे. डेक्स्ट्रान ही जिवाणूंपासून मिळणारी ग्लुकोजची साखळी आहे. ती वनस्पतीजन्य नाही, पण रासायनिक धडा तोच आहे. साधे डेक्स्ट्रान इतके निरुपद्रवी की रक्तस्राव झालेल्या रुग्णांच्या शिरेतून ते प्लाझ्माचा पर्याय म्हणून दिले गेले. त्यावर भरपूर सल्फेट गट बसवून ते उंदरांच्या पाण्यात २ ते ५ टक्के मिसळले की आठवडाभरात रक्ताळ जुलाब आणि मोठ्या आतड्यात जखमा होतात. जपानी संशोधकांनी १९९० साली उंदरांसाठी बसवलेली ही पद्धत आज जगभर कोलायटिसच्या अभ्यासाचे नेहमीचे साधन आहे. इथेही साखळीची लांबी निर्णायक ठरते. सुमारे ४० हजार डाल्टनचे रेणू सर्वांत तीव्र इजा करतात, ५ हजारांचे सौम्य, तर ५ लाखांचे जवळजवळ काहीच करीत नाहीत. लाल समुद्री शेवाळातले कॅराजीनन निसर्गतःच सल्फेटयुक्त असते. त्याचे आम्लाने तुकडे केले की गिनीपिगच्या आतड्यात व्रण होतात, हे १९६९ पासून माहीत आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या तुकडे केलेल्या रूपाला संभाव्य कर्ककारकांच्या गटात ठेवले, अखंड रूपाला ठेवले नाही.

हे सर्व माहीत असूनही औषधी वनस्पतींच्या बहुशर्करांना सल्फेट, सेलेनियम, फॉस्फेट किंवा कार्बॉक्सिमिथाइल गट लावून त्यांची ‘प्रतिकारशक्ती वाढली’ असे सांगणारे शोधनिबंध मोठ्या संख्येने निघतात. त्यांतला ठरलेला पुरावा असा: उंदराच्या अर्बुदापासून मिळवलेल्या मॅक्रोफेज पेशी तबकडीत वाढवायच्या, त्यांच्यावर नमुना टाकायचा आणि नायट्रिक ऑक्साइड किंवा दाहक सायटोकाइन वाढले की यश जाहीर करायचे. या पुराव्याची बाजू कमकुवत आहे. निरोगी आतड्यातल्या मॅक्रोफेज पेशी जिवाणू गिळतात, पण दाहक सायटोकाइन जवळजवळ सोडत नाहीत. तो त्यांचा गुण आहे. ज्या पदार्थाने तबकडीतली पेशी भडकते तो आतड्याला हितकर असेल असे मानायला आधार नाही, कदाचित उलटच मानावे लागेल. शिवाय वनस्पतींवर ग्राम-ऋण जिवाणू असतातच. त्यांच्या भित्तिकेतले लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एंडोटॉक्सिन, बहुशर्करेबरोबर अर्कात उतरते आणि अत्यल्प मात्रेतही या पेशींना चेतवते. तीव्र अल्कलीच्या प्रक्रियेत एंडोटॉक्सिनचा काही भाग नष्ट होतो आणि तीव्र आम्लात साखळीही तुटते. मग मूळ आणि बदललेल्या नमुन्यांतला फरक नव्या गटामुळे आला, एंडोटॉक्सिन घटल्यामुळे आला की साखळी आखूड झाल्यामुळे आला, हे कसे ठरवणार? नवा गट न जोडता बाकी सर्व प्रक्रिया केलेला तुलना-नमुना आणि एंडोटॉक्सिनची मोजणी या दोन गोष्टी नसतील, तर असा निबंध वाचकाने बाजूला ठेवावा. ‘बदललेले लिंबूवर्गीय पेक्टिन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पूरक आहाराबाबतही बाजार पुराव्याच्या बराच पुढे धावला आहे.

आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. एरिक मार्टेन्स आणि महेश देसाई यांच्या गटाने २०१६ साली दाखवले की आहारातून तंतू काढून घेतले की उंदरांच्या आतड्यातले जिवाणू श्लेष्माच खाऊ लागतात. थर पातळ होतो आणि रोगकारक जिवाणूला वाट मिळते. वेगळे काढून शुद्ध केलेल्या तंतूंचे मिश्रण दिल्याने ही झीज थांबली नाही. धान्य आणि भाज्यांतल्या मूळ, गुंतागुंतीच्या तंतूंनी ती थांबली. २०२३ साली कॅनडातील संशोधकांना आढळले की आतड्याच्या दाहविकाराच्या काही रुग्णांत इन्युलिनच्या कुळातले तंतू किण्वन न होता राहिले तर दाह वाढवतात. म्हणजे तंतू तोच असला तरी कुणाच्या आतड्यात कोणते जिवाणू आहेत यावर त्याचा गुण ठरतो. बदललेली बहुशर्करा औषधासारखी वापरायची असेल तर तिची मात्रा, रचना आणि कुणाला द्यायची हे औषधासारखेच ठरवावे लागेल. ज्वारीची भाकरी, डाळी आणि पालेभाज्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

आजची नियमव्यवस्था मात्र हा फरक वाचकापर्यंत पोहोचू देत नाही. आयएनएस ४४० या एका क्रमांकाखाली मिथाइल गटांनी भरलेले आणि जवळजवळ रिकामे अशी दोन्ही पेक्टिने येतात. आयएनएस ४६६ च्या मानकात प्रतिस्थापन-प्रमाण ०.२ ते १.५ इतके रुंद ठेवलेले आहे आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख करावा लागत नाही. हे आकडे उत्पादकाला ठाऊक असतात, कारण त्यांच्यावरच पदार्थाचा दाटपणा ठरतो. क्रमांकापुढे प्रतिस्थापनाचे किंवा मिथाइलचे प्रमाण आणि शंभर ग्रॅममागे वापरलेली मात्रा छापणे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सक्तीचे करावे. आतड्याच्या दाहविकाराच्या रुग्णाला काय खावे आणि काय टाळावे हे सांगणाऱ्या डॉक्टरला आज ही माहिती कुठेच मिळत नाही.